पन्नाशीला चार कमी

माझं वय सेहेचाळीस निघालं आणि आमच्या अख्ख्या संघाचे चेहरे पडले.

खरं वय एकोणसाठ. लपवून उपयोगही नाही, कारण एसटीत तेहेतीस वर्षं कंडक्टरकी केली आणि मागल्या साली निवृत्त झाले, हे सगळ्या चिपळूणला ठाऊक आहे. हल्ली गाड्या विजेवर धावतात, दारात चढताना चेहरा बघून तिकीट आपोआप कापलं जातं आणि कंडक्टर उरलाय तो फक्त भांडणं सोडवायला. त्या कामाला माझ्या तोडीची बाई डेपोत नव्हती. सांगायचा मुद्दा, मी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नाही. पण त्या गुरुवारी एका कपाटाने माझी बोलती बंद केली.

आता कपाट म्हणजे काय ते सांगते. दर गुरुवारी बाजारात आरोग्य खात्याची मोजणी गाडी उभी राहते. जुनीच लाल एसटी, आतली बाकं काढलेली, आणि मागच्या बाजूला लोखंडी कपाटाएवढी एक खोली बसवलेली. तिचं सरकारी नाव देहदर्शी. ते नाव फक्त गाडीवरच्या पाटीवर आहे. बाकी सगळे म्हणतात, 'कपाटात जाऊन आलीस का?' आत अनवाणी दोन पत्र्यांवर उभं राहायचं, हातात दोन मुठी धरायच्या, चाळीस सेकंद हलायचं नाही. मग बाहेर दोन पानी अहवाल मिळतो. चरबी किती, स्नायू किती, पाणी किती, हाडं कशी, सगळं त्यात असतं. आणि पहिल्या पानावर मधोमध, ताटाएवढ्या गोलात, एकच मोठा आकडा. तुमचं शरीर-वय.

हा आकडा कबड्डीत कसा घुसला? पूर्वी प्रौढांच्या स्पर्धेत जन्मदाखला बघायचे. त्यात असले घोळ व्हायचे, की एका संघात धाकटी बहीण थोरलीपेक्षा तीन वर्षांनी मोठी निघाली. शेवटी असोसिएशनने ठरवलं, कागद नकोत, शरीरच मोजा. शरीर-वय पन्नास किंवा त्यापुढे असेल तर पन्नाशीपुढचा गट. त्याखाली असेल तर पस्तीस ते पन्नासच्या गटात, म्हणजे मांडीवर थाप मारली तर धूळ उडेल अशा बायकांसमोर. मोठ्या वयाची बाई हौसेने खालच्या गटात खेळू शकते, खालचीला मात्र वर येता येत नाही. ज्याला आकडा पटत नाही त्याने तीन आठवड्यांच्या आत एकदाच फेरमोजणी मागायची. मग जो येईल तो पक्का.

"सेहेचाळीस?" आमची कर्णधार रूपाली शिंदे माझ्या हातातला कागद हिसकावून म्हणाली. "अगं, तुला काही लाजबिज? आम्ही सगळ्याजणी शहाण्यासारख्या पन्नाशीच्या वर आणि तू एकटी खाली?"

"मी काय मुद्दाम केलं?"

"रोज पहाटे वाशिष्ठीच्या काठाने पळतेस ना? भोग आता."

माझं लक्ष रूपालीकडे नव्हतंच. मी बघत होते हेमांगीकडे. हेमांगी साळवीचा आकडा बावन्न. ती गाडीच्या पायरीवर बसून चपला घालत होती.

कबड्डी न बघणाऱ्यांसाठी सांगते. उजव्या कोपऱ्यातली आणि तिच्या शेजारची, अशा दोघी हात धरून उभ्या राहतात. चढाईला आलेली बाई कोपऱ्याजवळ घुसली, की कोपऱ्याने तिचा घोटा धरायचा आणि शेजारणीने तिला आडवं व्हायचं. याला साखळी म्हणतात. हेमांगी कोपरा आणि मी शेजारीण, अशी एकतीस वर्षं आमची साखळी आहे. लग्नं झाली, बाळंतपणं झाली, दोन वर्षांपूर्वी तिचे साळवी सर गेले. पण स्पर्धा आली की आमचे हात एकमेकींत असायचे.

"नूतन," हेमांगी खाली बघतच म्हणाली, "तू खटपट कर काहीतरी. माझी ही शेवटचीच स्पर्धा आहे गो."

"कसली शेवटची? गुडघे काय मोडले तुझे?"

"स्पर्धा झाली की मी नाशिकला जातेय. केतकीकडे. कायमची."

केतकी तिची एकुलती एक मुलगी, चांगली पोर आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण कायमची म्हणजे? मी विचारलं, अचानक हे कुठून निघालं. तर म्हणे, एकटीने कशाला राहायचं, केतकी खूप मागे लागलीये. एवढं बोलून उठली आणि चालायला लागली. मी तिथल्या तिथे ठरवलं. तीन आठवड्यांत मी चार वर्षांनी म्हातारी होणार आणि हिच्या शेजारी उभी राहणार. मग जाऊ दे तिला नाशिकला नाहीतर काशीला.

*

सगळं जग वय उतरवायला धडपडतंय आणि मला चढवायचं होतं. घरात हे जमण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे स्वयंपाक आमचे हे करतात, कारण मी उभी हयात ड्युटीवर. त्यांचं शरीर-वय सहासष्ट निघाल्यापासून त्यांनी तेलाची बाटली कुलपात ठेवली आहे. ताटात रोज उकडलेला दुधी आणि वर उपदेश. त्यांना मी बेत सांगितला, तर चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

"तू बरी आहेस ना?" एवढंच म्हणाले.

म्हणून हेमांगीने जाहीर केलं, की दुपारचं जेवण तिच्याकडे. ती रांधणार आणि मी खाऊन खाऊन थकणार. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा एक वाजून गेला होता आणि ती अजून डबे उघडून बघत होती. डाळीच्या डब्याच्या तळाशी मूठभर डाळ. कांद्याच्या टोपलीत नुसती सालं. "अगो, बाजारात जायचं राहूनच गेलं," ती म्हणाली. आम्ही दोघी पिशव्या घेऊन निघालो आणि आठवड्याचं सामान घेऊन आलो. येताना मी दोन किलो फरसाणही घेतलं, कारण माझ्या डोक्यात म्हातारपणाचा रस्ता फरसाणावरून जात होता.

पण हेमांगीच्या हाताला वाईट रांधायची सवयच नाही, त्याला कोण काय करणार? मला हवं होतं तेलकट, तुपकट. ती करायची कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची उसळ, बांगड्याचं तिखलं, कधी अंड्याचा रस्सा. मी ओरडायची, तर गरम तांदळाची भाकरी ताटात टाकून म्हणायची, "आधी हे खा, मग बघू." मग वरून दोन खाऱ्या बांगड्यांचे तुकडे, लोणचं आणि पापड. खारं मला फार आवडतं. तिला नाही, तिला ताजं लागतं.

ती वाढून झालं की ओट्याला टेकून उभी राहायची. मला ते बघवेना. कुणी उभं राहून आपल्याकडे बघतंय आणि आपण चावतोय, हे गाडीत बरं, घरात नाही. "तूही ताट घे," मी दरडावलं. "नाहीतर मी हात धुऊन उठते." पहिले दोन-तीन दिवस तिने चिमणीएवढं घेतलं. चौथ्या दिवशी तिने स्वतःहून दुसरी भाकरी घेतली आणि मला काही वाटलंही नाही, कारण मी तेव्हा माझ्या पोटाकडे बघत होते.

जेवणानंतर नियमाप्रमाणे मी झोपायला हवं होतं. झोप कुठली? चार वाजले की पाय शिवशिवायचे. पळणं बंद केलं होतं, म्हणून आम्ही तिच्या मागल्या अंगणात साखळीच घालायचो. हात धरायचा, डावीकडे तीन पावलं, उजवीकडे तीन पावलं, खाली बसायचं, उठायचं. "हा व्यायाम नाही हं, हा सराव आहे," मी तिला बजावायची. दोघी घामाघूम होऊन चहा प्यायचो, साळवी सरांच्या शिकवण्याच्या गमती आठवून हसायचो. दोन वर्षांत ती सरांबद्दल हसून बोललीच नव्हती. हेही माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

*

दोन आठवड्यांनी गुरुवारी रूपालीने एक शक्कल काढली. कपाट पायांतून वीज सोडतं ना? मग पायांना भरपूर मुठेल लावायचं. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, आमच्याकडे भेगांना लावतात. विजेला वाट मिळाली नाही, की मशीनला वाटेल बाई नुसती चरबीची आहे. एवढी अक्कल रूपालीला आहे, हे मला तेव्हा कळलं. मी दोन्ही तळव्यांना बोटभर जाड थर दिला आणि मोजे घालून फेरमोजणीला गेले.

कपाटात उभी राहते न राहते तोच ते मोठ्याने बोललं. बाजारातल्या कोळणीलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "आपल्या तळपायांना तेलाचा थर आहे. कृपया साबणाने पाय धुऊन या."

बाहेरची रांग फिदीफिदी हसायला लागली. तेहेतीस वर्षं मी विनातिकीट लोकांना भर गाडीत उभं केलं होतं. त्यांना काय वाटत असेल, ते त्या दिवशी समजलं.

गाडीवर काम करणारी ईश्वरी नावाची पोरगी आहे, पंचविशीची, केस कापलेली, बोलायला गोड. तिने मला बाजूला बसवून ओला टॉवेल दिला. "मोजणी झालेलीच नाही काकू, त्यामुळे संधी वाया गेली नाही. पण हे कशासाठी?"

मी सांगून टाकलं. ती पोट धरून हसली, मग म्हणाली, "थांबा, तुम्हाला नीट सांगते. आम्ही चरबी मोजतच नाही."

"मग काय मोजता?"

"पाणी. स्नायूत पाणी आणि क्षार भरपूर, त्यातून वीज सहज जाते. चरबीत पाणी जवळपास नाही, तिथे ती अडते. किती अडली, त्यावरून पाण्याचा अंदाज, पाण्यावरून स्नायूंचा, आणि उरलेल्यावरून चरबीचा. सगळा हिशोबाने काढलेला अंदाज. आता हे कपाट एक जादा गोष्ट करतं. ते हलकी वीज सोडतं तशी तेज वीजही सोडतं. हलकी वीज पेशींच्या बाहेरून वाट काढत जाते. तेज वीज पेशींच्या आतून आरपार जाते. दोन्हींमधल्या फरकावरून कळतं, पाणी पेशींच्या आत किती आणि बाहेर किती. आत भरपूर असेल तर पेशी टवटवीत. बाहेर जास्त साचलं असेल तर काहीतरी बिघडलंय, निदान मीठ तरी जास्त झालंय."

"मीठ?"

"हो. खारं खाल्लं की पाणी बाहेर साचतं." मला एकदम खारा बांगडा आठवला आणि मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. पण ती बोलतच होती. "आणि ते शरीर-वय म्हणजे तुमचं वय नाहीच काकू. हजारो लोकांचे तक्ते आहेत. तुमच्यासारखं शरीर त्यातल्या कुठल्या वयाच्या लोकांचं सरासरीने असतं, एवढंच ते सांगतं. दहा गोष्टींची सरमिसळ करून एक आकडा. नऊ चांगल्या आणि एक खूप वाईट असली, तरी आकडा चांगलाच दिसणार. म्हणून तर दुसरं पान असतं. पण ते कुणी वाचतच नाही. सगळ्याजणी पहिल्या पानावरचा गोल बघता, एकमेकींना दाखवता आणि कागद घडी घालून ठेवता."

"दुसऱ्या पानावर काय असतं?"

"दोन हात, दोन पाय, धड, प्रत्येकाचे स्नायू वेगळे. आणि मागच्या वर्षांचे आकडे शेजारी." तिने टॉवेल परत घेतला. "वजन तेवढंच राहतं ना, त्याचंच लोकांना कौतुक असतं. पण वजन तेवढंच ठेवून स्नायू जातात आणि त्यांच्या जागी चरबी येते, असंही होतं. काट्याला कळत नाही. ज्या घरी एकटं माणूस असतं, तिथे तर नेहमी."

एकटं माणूस म्हटल्याबरोबर मला तो तळाशी मूठभर डाळ उरलेला डबा आठवला. मी तिला हेमांगीचं नाव घेऊन विचारलं. तिने मान हलवली. "दुसऱ्याचा अहवाल सांगायची परवानगी नाही मला. तुम्ही त्यांनाच विचारा ना."

*

हेमांगी सोललेल्या कोलंब्या धूत होती. मी दारातूनच म्हटलं, "तुझं दुसरं पान कुठाय?"

"कसलं पान?"

"उगाच वेड पांघरू नकोस हेमे."

तिची नजर फडताळातल्या बटरच्या डब्याकडे गेली. कंडक्टरच्या डोळ्यांतून ते कसं सुटेल? डबा काढला. आत चहात बुडवून खायचे बटर, आणि तळाला चौपदरी घडी घालून तो कागद अंथरलेला. मी उलगडला.

वजन अठ्ठावन्न. मागल्या साली अठ्ठावन्न, त्याच्या मागल्या साली अठ्ठावन्न. हृदय उत्तम, हाडं उत्तम, साखर उत्तम. आणि दोन्ही पायांचे मिळून स्नायू: सर होते त्या वर्षी तेरा किलो, मग सव्वाबारा, आता साडेअकरा. शेजारी लाल बाण खालच्या दिशेला. तळाशी लिहिलेलं, 'आहारात प्रथिने अत्यंत कमी. पडण्याचा धोका वाढता. मागील वर्षीप्रमाणे प्रत जवळच्या नातेवाइकाला पाठवली आहे.'

नातेवाईक म्हणजे केतकी. म्हणून नाशिक.

"काय जेवत होतीस गं तू?" माझा आवाज चढला. "दोन वर्षं काय जेवत होतीस?"

"चहा-बटर," ती म्हणाली. "कधी पेज. एकटीसाठी काय करत बसायचं? दोन भाकऱ्या थापायच्या, एकटीने गिळायच्या, एक ताट घासायचं. कंटाळा येतो गो. सर असताना जेवायला बसलं की तास जायचा."

मला रडूच आलं. मी रडत नाही सहसा, निवृत्तीच्या दिवशीही रडले नाही. पण मला स्वतःचाच राग आला. तिचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. रोज संध्याकाळी फाटकात उभ्या राहून आमच्या गप्पा व्हायच्या, आणि 'जेवलीस का?' हे विचारल्यावर ती 'हो' म्हणायची, ते मी खरं मानायची. गेल्या वर्षापासून साखळीत तिचा हात ढिला लागत होता. मी म्हटलं, वय झालं. आणि गेले दोन आठवडे मी त्याच फडताळासमोर बसून माझ्या सेहेचाळीसचं रडगाणं गात होते.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? नूतन, मला एकटीला जेवता येत नाही, असं सांगू? या वयात?"

"हो, असंच सांगायचं," मी ओरडले. "असंच सांगायचं, मूर्ख बाई!"

मग दोघी रडलो, आणि कोलंब्या तशाच राहिल्या, आणि मांजराने त्यातल्या चार पळवल्या. उरलेल्यांचं भुजणं केलं. ती तीन वाट्या भात जेवली, हे या खेपेला मी मोजलं.

*

तीन आठवडे भरले त्या गुरुवारी मी धुतलेल्या पायांनी कपाटात शिरले. आदल्या चार दिवसांत मी एवढा खारा बांगडा खाल्ला होता की बोटातली अंगठी निघेना. बाहेर आले तर ईश्वरीने कपाळाला हात लावला. "पन्नास. बरोब्बर पन्नास. काकू, कृपा करा आणि आजपासून मीठ कमी करा."

रूपालीने भर बाजारात शिट्टी वाजवली. मला मिठी मारून म्हणाली, "चला, जमलं! आता सावर्ड्याचं मैदान मारायचं."

जमलं होतं खरं. हेमांगीचे बावन्न, माझे पन्नास, साखळी पक्की. मी गप्प घरी गेले असते तर काहीच अडत नव्हतं. पण माझं लक्ष हेमांगीच्या पायांकडे गेलं. तीन आठवडे ती माझ्याबरोबर जेवली होती, माझ्याबरोबर अंगणात उठली-बसली होती. त्याचं काय झालं, ते कळायला नको? केतकीला पाठवायला माझ्याकडे नुसते शब्द होते. तिच्याकडे लाल बाण होता.

"हेमे, तूही आत जा," मी म्हटलं.

"तिला कशाला?" रूपाली किंचाळली. "तिचं बावन्न आहे ना पक्कं?"

ईश्वरीनेही सांगितलं, "साळवी काकू, तुम्ही आत गेलात तर नवा आकडा धरला जाईल. पन्नासच्या खाली आला तर तुम्ही त्या गटातून बाद. नीट विचार करा."

हेमांगी माझ्याकडे वळली. "तुझी तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात जाईल."

"पाण्यातच आहे ती. सगळी पेशींच्या बाहेर साचलीये," मी म्हटलं. "जा तू."

ती गेली. चाळीस सेकंद. रूपाली रागाने पाठ फिरवून उभी होती. मी गाडीच्या दांड्याला धरून उभी होते आणि मला खरंच कळत नव्हतं, मी काय मागावं. कागद बाहेर आला, ईश्वरीने आधी दुसरं पान उलटलं, ते मला फार आवडलं.

"पायांचे स्नायू बारा किलो शंभर. सहाशे ग्रॅम वाढ," ती म्हणाली. "यातलं काही पाणी आहे, खोटं नाही सांगत. पण ते पेशींच्या आतलं पाणी आहे, हवं तिथे भरलेलं. उपाशी स्नायूला जेवण मिळालं की आधी तो असाच भरतो. बाण बघा."

बाण हिरवा होता आणि वर होता.

"आणि पहिलं पान?" रूपालीने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"एकोणपन्नास."

रूपाली गर्रकन वळली. पाच मिनिटं ती काय काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. मी आणि हेमांगी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होतो. शेवटी रूपालीचाही श्वास संपला. "आता?" ती म्हणाली.

"आता काय, खालच्या गटात खेळायचं," मी म्हटलं. "मोठ्या वयाच्या बाईला हौसेने खेळता येतं ना? हिच्याबरोबर आपण सहाही जणी हौशी."

"अगं, त्या पोरी आपल्याला लोळवतील!"

"लोळवू दे," हेमांगी म्हणाली. एकतीस वर्षांत तिने कर्णधाराला उलट उत्तर दिल्याचं मला आठवत नाही.

*

लोळवलंच. समोर गुहागरकडचा संघ होता, सगळ्या सदतीस-अडतीसच्या. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी आमच्या सातही जणी बाद करून लोण दिला. रूपाली धापा टाकत मैदानाबाहेर बसली आणि माझ्याकडे असं बघायला लागली की मी नजर वळवली. बाहेर केतकी उभी होती. नाशिकहून गाडी घेऊन आली होती, मागच्या बाकावर दोन मोठ्या रिकाम्या बॅगा. सामना संपला की आईला घेऊन जायचं, असं ठरलेलं.

उत्तरार्धात त्यांची सगळ्यात तगडी मुलगी चढाईला आली. दम घुमवत थेट आमच्या कोपऱ्यावर. मी विचार करायच्या आत हेमांगी खाली गेली होती आणि त्या मुलीचा घोटा तिच्या दोन्ही हातांत होता. ती मुलगी तिला फरफटत दीड हात घेऊन गेली. हेमांगीने पाय रोवले, म्हणजे खरोखर रोवले, मातीत दोन चर पडले. मी वरून पडले. धूळ खाली बसली तेव्हा मुलीचं बोट मध्यरेषेपासून वीतभर लांब होतं आणि पंचाचा हात वर. मैदानाबाहेर कुणीतरी "आई! आई!" म्हणून ओरडत होतं. केतकी होती. बारीक अंगाची, कॉम्प्युटरवर काम करणारी पोर, चपला हातात घेऊन उड्या मारत होती.

आम्ही चव्वेचाळीस विरुद्ध एकवीस हरलो. त्या एकवीसमधला तो एक गुण सोडला, तर बाकी कसे झाले ते मला आठवत नाही.

नंतर हेमांगी बाकावर बसून खरचटलेल्या गुडघ्याला हळद लावत होती. केतकी मला थोडी बाजूला घेऊन गेली. तिच्याकडे नवा अहवाल पोचला होता. दोन्ही पानं तिने नीट वाचली होती, ते तिच्या बोलण्यावरून कळत होतं.

"मावशी, सहाशे ग्रॅम बघून मला खूप बरं वाटलं. पण खरं सांगा. आतापर्यंत तुम्हाला वय वाढवायचं होतं, म्हणून तुम्ही आईकडे जेवायला येत होतात. स्पर्धा संपली. उद्यापासून तुम्ही कशाला याल? चार दिवस याल, आठ दिवस याल. मग पुन्हा चहा-बटर. मी तिकडे बसून लाल बाण बघत राहू?"

प्रश्न चोख होता. रोज येईन, असं म्हणणं सोपं होतं. पण 'जेवलीस का?' हेही मी दोन वर्षं रोज विचारलंच होतं की.

हेमांगी लंगडत कधी आमच्या मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"ती कशाला येईल?" ती केतकीला म्हणाली. "तीन आठवडे मी रांधलं. आता मी जाणार हिच्याकडे."

"आमच्याकडे?" मी म्हटलं. "आमच्याकडे उकडलेला दुधी असतो."

"म्हणून तर. येताना मी मासे घेऊन येईन आणि तुझ्या यांच्याकडून तेलाची किल्ली मागून घेईन. तेही बिचारे किती दिवस दुधी खाणार?" मग ती केतकीकडे वळली. "मला एकटीला जेवण जात नाही, केतू. तुला सांगितलं नाही, हिला सांगितलं नाही, लाज वाटली. आता सांगितलंय. तू दोन महिने बघ. बाण खाली वळला, तर मी स्वतः बॅग भरून तुझ्या दारात येते."

केतकीने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डोळे पुसून मान डोलावली. तिच्या गाडीत त्या दोन बॅगा तशाच रिकाम्या परत गेल्या.

"उद्या किती वाजता येऊ?" हेमांगीने मला विचारलं.

"एक वाजता. उशीर केलास तर मी जेवून घेईन हं."

"नाही घेणार तू," ती म्हणाली.